देहाचे दोन कोठावळे

गेल्या अंकांत याच सदरांत आम्हीं हृदय आणि रक्ताभिसरण यांचा विचार केला होता. हृदय दर मिनिटास सुमारें ५ लिटर रक्त देहांत फिरवितें, हें त्या वेळीं सांगितलें. त्यावर एक मार्मिक प्रश्न सहजच उद्भवतो. हौदांतील पाणी चार दिवस बदललें नाहीं तर त्यावर शेवाळ धरतें. मग साठ-सत्तर वर्षें त्याच त्या नळ्यांतून फिरणारें रक्त घाण कां होत नाहीं? अन्नाचें ज्वलन होतें, स्नायू झिजतात, औषधें पोटांत जातात, आणि या सर्वांची राख अखेर रक्तांतच येऊन पडते. ती काढून टाकण्याचें काम फुप्फुसें, यकृत आणि मूत्रपिंडें हीं तिघें वांटून घेतात. त्यांपैकीं मूत्रपिंडांचा विचार आज करावयाचा आहे.

विषयाच्या नांवानेंच कांहीं वाचकांच्या कपाळास आठी पडेल, हें आम्ही जाणून आहों. मूत्र हा शब्द चारचौघांत उच्चारूं नये, असा आपला संकेत आहे आणि तो वाईट आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु जें बोलूं नये असें ठरतें, तें विचारूंही नये असें होऊन बसतें. आणि जें विचारलें जात नाहीं त्याचें दुखणें वाढेपर्यंत घरांत कोणास कळत नाहीं. मूत्रपिंडांचें दुखणें तर स्वभावतःच मुकें आहे. त्यांत आपल्या संकोचाची भर पडली म्हणजे किती हानि होते, हें या लेखाच्या उत्तरार्धांत दिसून येईल.

संस्कृताचा परिचय असणाऱ्या वाचकांस सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांतील एक दृष्टांत आठवत असेल. मुतखड्याचें विवेचन करतांना सुश्रुताचार्य सांगतात, कीं कोरा मातीचा घडा तोंडापर्यंत पाण्यांत बुडवून ठेवला, तर तोंडांतून थेंबही आंत न जातां तो बाजूंनीं पाझरून भरतो. बस्ति म्हणजे मूत्राशय त्याचप्रमाणें भरतो. वृक्क, म्हणजे आपण ज्यांस मूत्रपिंडें म्हणतों, तीं चरकाचार्यांस ठाऊक होतीं. परंतु त्यांनीं त्यांचा संबंध मेदाशीं जोडला, मूत्राशीं नव्हे. पाझरण्याची जागा आज वेगळी ठरली आहे हें खरें. पण मूत्र हें पाझरून उत्पन्न होतें, ही कल्पना किती अचूक होती, तें पुढें कळेल.

ही जागा सांपडावयास पुष्कळ काळ लागला. इटलींत बोलोन्या येथील माल्पीगी यांनीं १६६६ सालीं सूक्ष्मदर्शकाखालीं मूत्रपिंडांत रक्तवाहिन्यांचे बारीक बारीक गुच्छ पाहिले. १८४२ सालीं इंग्लंडांत बोमन यांनीं दाखवून दिलें, कीं प्रत्येक गुच्छाभोवतीं एक पातळ पेला असून त्या पेल्यापासून एक नलिका निघते. त्याच सालीं जर्मनींत मारबुर्ग येथें लुडविग यांनीं असें मत मांडिलें, कीं रक्ताच्या दाबानें गुच्छांतून पाणी गाळलें जातें आणि नलिकेंत त्यांतील बरेचसें परत शोषलें जातें. त्याचा प्रत्यक्ष पुरावा १९२४ सालीं मिळाला. अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें वेअर्न व रिचर्ड्स यांनीं केंसाहून बारीक अशा कांचेच्या नळीनें बेडकाच्या त्या पेल्यांतून थेंबभर पाणी काढलें. त्यांत साखर व मीठ दोन्हीही सांपडलीं; मात्र त्याच बेडकाच्या मूत्राशयांतील मूत्रांत साखर नव्हती. अर्थात् वाटेंत कोणी तरी ती परत घेतली होती.

आतां या अवयवांची रचना पाहूं. पोटाच्या मागील बाजूस, कण्याच्या दोहों अंगांस, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशास हीं दोन पिंडें असतात. लांबी १० ते १२ सेंटिमीटर, वजन दीडशें ग्रॅमच्या आसपास, आणि आकार काजूच्या बीसारखा. उजव्या बाजूस यकृताची गर्दी असल्यामुळें तिकडील पिंड किंचित् खालीं असतें. दोन्ही मिळून देहाच्या वजनाचा जेमतेम दोनशेवा भाग; परंतु हृदयांतून निघणाऱ्या रक्तापैकीं सुमारें पांचवा हिस्सा, म्हणजे मिनिटास लिटरभर रक्त, यांच्याकडे जातें. प्रत्येक पिंडांत सरासरीनें दहा लाखांच्या घरांत सूक्ष्म गाळण्या असतात. एक गुच्छ, त्याचा पेला आणि त्याची नलिका मिळून एक गाळणी होते. तिला नेफ्रॉन म्हणतात. जन्मतः जितक्या मिळाल्या तितक्याच. नवी गाळणी पुढें निर्माण होत नाहीं, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

गुच्छांच्या भिंती म्हणजे सुश्रुतांच्या कोऱ्या घड्याच्या भिंती. त्यांतून पाणी, मीठ, साखर आणि टाकाऊ द्रव्यें पाझरतात. रक्तपेशी आणि मोठ्या आकाराचीं प्रथिनें मात्र आंतच अडतात. असें पाझरलेलें पाणी दिवसाकाठीं भरतें तरी किती? सुमारें १८० लिटर! पंधरा लिटरच्या बारा बादल्या! रक्तांतील द्रवभाग अवघा तीन लिटर. म्हणजे तो दिवसांतून साठ वेळां गाळला जातो. आणि एवढें गाळून बाहेर मूत्र पडतें तें दीड लिटरच्या आसपास. उरलेलें १७८ लिटरहून अधिक पाणी नलिका परत रक्तांत घेतात.

येथें चौकस विद्यार्थी विचारील, कीं गुरुजी, परत घ्यावयाचें होतें तर बाहेर काढलेंच कां? नुसतीं विषें वेंचून टाकलीं असतीं तर काय बिघडलें असतें? हा प्रश्न आम्हांस फार मोलाचा वाटतो. दिवाळीपूर्वीं कोठीची खोली झाडावयाची तर जाणती गृहिणी काय करते? केरकचरा शोधीत कोपऱ्याकोपऱ्यांत वांकून हिंडत नाहीं. सगळे डबे, बरण्या, पोतीं ओटीवर आणून ठेवते आणि मग हवें तेवढेंच मोजून आंत नेते. जें आंत गेलें नाहीं तें आपोआप टाकाऊ ठरतें. मूत्रपिंडांची रीत हीच आहे. देहास काय हवें याची यादी लहान आणि ठरलेली असते. नको असलेल्या वस्तूंची यादी मात्र अनंत. आपल्या पूर्वजांनीं कधीं पाहिलें नाहीं असें औषध आज आपण घेतों. त्याची ओळख नसतांही पुष्कळदां तें मूत्रावाटे निघून जातें, याचें एक मोठें कारण हेंच, कीं परत घ्यावयाच्या यादींत त्याचें नांव नसतें. कांहीं पदार्थ नलिका स्वतः होऊनही बाहेर लोटतात. परंतु मुख्य युक्ति ही अशी आहे. म्हणून आम्ही या दोन पिंडांस देहाचे भंगी न म्हणतां कोठावळे म्हणतों. टाकणें हा त्यांचा दुय्यम धंदा. काय राखावें हें जाणणें हा मुख्य.

टाकाऊ द्रव्यांपैकीं प्रमुख तें युरिया. डाळ, दूध यांतील प्रथिनें देहांत खर्ची पडलीं, कीं त्यांतील नायट्रोजनापासून अमोनिया होतो आणि तो मेंदूस विषासमान असतो. मासे तो तसाच भोंवतालच्या पाण्यांत सोडून मोकळे होतात. जमिनीवरील प्राण्यांस ती सोय नाहीं. म्हणून आपलें यकृत त्याचें रूपांतर सौम्य अशा युरियांत करतें आणि मूत्रपिंडें तो पाण्यांत विरघळवून बाहेर घालवितात. पक्षी आणि पाली यांस तेवढेंही पाणी परवडत नाहीं. ते त्याचें युरिक ॲसिड करतात. भिंतीवरील पालीच्या विष्ठेच्या टोंकास पांढरा खडा दिसतो, तो हाच. हा युरिया १८२८ सालीं जर्मन रसायनशास्त्रज्ञ व्हलर यांनीं निर्जीव द्रव्यांपासून प्रयोगशाळेंत बनविला आणि सजीवांचीं द्रव्यें केवळ जीवशक्तीनेंच होतात या समजुतीस मोठा धक्का दिला, हेंही जातां जातां सांगून ठेवतों.

आतां पाण्याच्या हिशेबाकडे वळूं. साठ किलो वजनाच्या पुरुषाच्या अंगांत सुमारें ३६ लिटर पाणी असतें. एखादे दिवशीं आपण चार तांबे पितों, एखादे दिवशीं दोनच. वैशाखांत घामाच्या धारा लागतात, पौषांत घामाचें नांव नसतें. असें असतां रक्ताचा खारटपणा मात्र जवळजवळ एकसारखा राहतो. हें कसें घडतें? मेंदूच्या तळाशीं या खारटपणाची पारख करणाऱ्या पेशी आहेत. तो शेंकडा एक-दोन इतका जरी वाढला, तरी त्या दोन आज्ञा देतात. एक आज्ञा तहानेची, ती आपणांस कळते. दुसरी मूत्रपिंडांस, आणि ती एका अंतःस्रावाच्या रूपानें रक्तांतून जाते. ‘पाणी राख’ एवढाच तिचा अर्थ.

ही आज्ञा कशी पाळली जाते, हें स्वयंपाकघरांतील एका उदाहरणानें समजेल. काकडीच्या चकत्यांस मीठ लावून ठेविलें, कीं थोड्या वेळानें पाणी सुटतें. मीठ पाण्यास ओढून घेतें. मूत्रपिंडाच्या अंतर्भागीं नलिका आंकड्याप्रमाणें खालीं उतरून पुन्हां वर चढतात, आणि चढतांना मीठ बाहेर टाकून तेथील गर रक्ताच्या चौपट खारा करून ठेवितात. शेवटची नलिका या खाऱ्या गरांतूनच जाते. आज्ञा आली म्हणजे तिच्या भिंतींत पाण्यापुरत्या वाटा उघडतात. काकडीप्रमाणें तिच्यांतील पाणी बाहेर ओढलें जाऊन रक्तास मिळतें आणि मूत्र थोडें व गडद होतें. आज्ञा थांबली, कीं वाटा मिटतात आणि पाणी तसेंच वाहून जातें. रात्रीं ही आज्ञा अधिक सुटते, म्हणून निरोगी मनुष्य सहा-सात तास अखंड झोंपतो. उतारवयांत ती घडी विस्कटते. आजोबा रात्रींतून दोनदां उठतात, त्याचें हें एक कारण असतें. मद्य ही आज्ञा दाबून टाकतें, म्हणून मद्यपी पितो त्याहून अधिक गमावतो.

या सामर्थ्यासही मर्यादा आहे. मूत्र रक्ताच्या चौपटीहून अधिक दाट करतां येत नाहीं. सबब दिवसाची टाकाऊ द्रव्यें घालविण्यास अर्धा लिटर तरी पाणी खर्चावेंच लागतें. समुद्राच्या लिटरभर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. तितकें खारें मूत्र मनुष्यास करतां येत नाहीं. म्हणून तहानेनें समुद्राचें पाणी प्यालेला खलाशी पाण्यानें वेढलेला असतांना पाण्यावांचूनच मरतो. दुसऱ्या टोंकासही मर्यादा आहे. तासाला लिटरभर पाण्याच्या आंतबाहेरच काय तें बाहेर टाकतां येतें. त्याहून अधिक पाणी हट्टानें ढोसल्यास रक्त फिकें पडून मेंदूस सूज येते. याखेरीज रक्ताचा दाब सांभाळणें, तांबड्या पेशी तयार करण्याविषयीं हाडांतील मगजास संदेश पाठविणें आणि ‘ड’ जीवनसत्त्व कामास लावणें, हींही कामें याच कोठावळ्यांकडे असतात.

आतां ज्यासाठीं हा लेख लिहावयास घेतला त्या भागाकडे येतों. कोठावळा प्रामाणिक असला, कीं घरधन्यास कोठींतील तूट लवकर कळत नाहीं. निम्म्या गाळण्या निकामी झाल्या तरी उरलेल्या दुप्पट राबून काम ओढतात. ना दुखतें, ना खुपतें. पायांवर सूज, अन्नाचा तिटकारा, दम लागणें हीं लक्षणें दिसूं लागतात, तोंवर बहुधा फार उशीर झालेला असतो. गाळण्यांचा नाश करणारे दोन मोठे शत्रु म्हणजे मधुमेह आणि रक्तदाब, आणि आपल्या सुशिक्षित, बैठ्या घरांत दोन्हीही पाहुणे मुक्कामास आहेत. घरांत ज्यांस यांपैकीं एकही विकार असेल त्यांनीं वर्षांतून एकदां तरी रक्तांतील क्रिएटिनिन आणि मूत्रांतील अल्ब्युमिन तपासून घ्यावें. दुसरी तपासणी विशेष महत्त्वाची. घड्याची भिंत झिजून प्रथिनें झिरपूं लागल्याची खबर ती पहिलीच्या कितीतरी आधीं देते. खर्च थोडा, श्रम त्याहून थोडे.

दुसरी गोष्ट गोळ्यांची. गुडघे धरले, कीं आजीबाई शेजारच्या दुकानांतून वेदनाशामक गोळी आणवितात, आणि बरें वाटलें म्हणून ती महिनोन् महिने चालू राहते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या गुच्छाकडे येणारी रक्तवाहिनी आंवळतात. मूत्रपिंड आधींच थकलेलें असेल, किंवा जुलाब-वांतीनें अंगांतील पाणी कमी झालें असेल, तर त्या घातक ठरतात. तसेंच आयुर्वेदाविषयीं आम्हांस नितांत आदर आहे, म्हणूनच सांगतों, कीं घटकद्रव्यें न छापतां विकलीं जाणारीं चूर्णें व भस्में कोणीही घेऊं नयेत. अशांत पारा आणि शिसें सांपडल्याचीं उदाहरणें आहेत, आणि या दोन्ही धातूंचा पहिला मार मूत्रपिंडांवरही बसतो.

मिठाविषयीं थोडक्यांत. दिवसास पांच ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर, ही प्रौढ माणसाची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेनें सांगितली आहे. पानाच्या डाव्या बाजूचीं लोणचीं, पापड, सांडगे यांतच ती अर्धीअधिक संपते. पाण्याविषयीं म्हणाल तर निरोगी माणसानें तहान हाच गुरु मानावा. ‘मूत्रपिंडें धुऊन निघतात’ म्हणून बळेंच घागरभर पाणी पिण्यांत अर्थ नाहीं. याला अपवाद दोन. ज्यांस मुतखडा झाला आहे त्यांनीं दिवसास दोन-अडीच लिटर मूत्र होईल इतकें पाणी प्यावें. आणि वृद्धांची तहान मंदावलेली असते. त्यांच्या हाताशीं तांब्या-भांडें भरून ठेवून मधून मधून आठवण करणें, हें घरांतील मुलांचें काम आहे. ज्यांचें हृदय किंवा मूत्रपिंड दुर्बळ झालें आहे त्यांनीं मात्र डॉक्टरांनीं सांगितलें असेल तेवढेंच घ्यावें.

आतां भगिनींविषयीं. प्रवासांत, लग्नकार्यांत, नोकरीच्या ठिकाणीं योग्य आडोसा नाहीं, म्हणून सकाळपासून पाण्याचा घोट न घेणाऱ्या स्त्रिया आम्हीं पुष्कळ पाहिल्या आहेत. कमी पाणी आणि तुंबलेलें मूत्र यांतून जंतुसंसर्ग व खडे उद्भवतात. स्त्रियांचा मूत्रमार्ग आंखूड असल्यामुळें हा संसर्ग त्यांस अधिक होतो आणि वारंवार होऊन वर चढला तर मूत्रपिंडांसही पोंचतो. कार्यालय ठरवितांना मांडव, बॅंड आणि पक्वान्नें पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांनीं तेथील बायकांची सोय आधीं पाहिली, तर तें त्या कार्यांतील मोठें पुण्य होईल. निर्जळी व्रतांचाही येथें विचार केला पाहिजे. हरितालिका किंवा ज्येष्ठांतील निर्जला एकादशी निरोगी स्त्रीस सहसा बाधत नाहीं. तिचे कोठावळे एक दिवस सांभाळून घेतात. परंतु मधुमेही, गर्भवती, वृद्ध किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या स्त्रीनें असें व्रत करूं नये. व्रतभंग होईल अशी भीति ज्यांस वाटते त्यांस आम्ही आठवण देतों, कीं ज्या आठ गोष्टींनीं व्रत मोडत नाहीं असें धर्मशास्त्रानें सांगितलें आहे, त्यांत पहिलें नांव पाण्याचें आणि शेवटचें औषधाचें आहे. शास्त्र इतकें दयाळू असतां आपण सासूसुनांनीं एकमेकींशीं त्याहून कठोर कां व्हावें?

कोठावळे दोघेही थकले म्हणजे काय? १९४३ सालीं, जर्मनांनीं व्यापलेल्या हॉलंडांत कांपेन या गांवीं, कोल्फ नांवाच्या तरुण डॉक्टरानें लांकडी पट्ट्यांच्या पिंपाभोवतीं सेलोफेनची नळी गुंडाळून रक्त धुण्याचें पहिलें यंत्र चालविलें. आरंभींचे बहुतेक रोगी दगावले; १९४५ सालीं ६७ वर्षांची एक स्त्री वांचली. डायालिसिसचा उगम तेथें आहे. आज आठवड्यांतून तीन वेळां, दर वेळीं चार तास हा उपचार घ्यावा लागतो, तरी निरोगी पिंडांच्या कामाचा अल्प अंशच भरून निघतो. २०१६ सालापासून केंद्र सरकारनें जिल्हा रुग्णालयांतून गरिबांसाठीं तो विनामूल्य देण्याची योजना केली आहे. दुसरा मार्ग रोपणाचा. २३ डिसेंबर १९५४ रोजीं बोस्टन येथें मरे यांनीं एका जुळ्या भावाचें मूत्रपिंड दुसऱ्यास बसविलें आणि तें चाललें. एका पिंडावर निरोगी दाता पूर्ण आयुष्य जगूं शकतो, हें तेव्हांपासून असंख्य वेळां सिद्ध झालें आहे.

आपल्या देशांत अवयवदानाचा कायदा १९९४ सालीं झाला. त्यानंतरचा अनुभव असा, कीं जिवंतपणीं मूत्रपिंड देणाऱ्यांत माता, पत्नी, भगिनी यांचीच संख्या फार मोठी आहे. घेणाऱ्यांत मात्र पुरुष अधिक. मातेच्या त्यागाचें कौतुक करून आपण मोकळे होतों. पण कन्येस किंवा सुनेस पिंड हवें असेल त्या दिवशीं घरांतील किती पुरुष पुढें येतात, हा प्रश्न प्रत्येक एकत्र कुटुंबानें एकदां तरी स्वतःस विचारावा. मरणोत्तर दानाची इच्छा घरांतील सर्वांसमक्ष बोलून ठेवणें हाही त्यावरचा एक उपाय आहे. कारण त्या क्षणीं अनुमति घरच्यांस द्यावी लागते, आणि आधीं बोलणें झालें नसेल तर तो प्रसंग निर्णयाचा नसतो.

तूर्त एवढें तरी घडावें: हा अंक वाचून झाल्यावर घरांतील मधुमेही आणि रक्तदाबी मंडळींची नांवें कागदावर लिहावींत आणि प्रत्येकाची शेवटची तपासणी केव्हां झाली, तें त्यापुढें मांडावें. ज्या नांवापुढें कांहींच लिहितां येणार नाहीं, तेथून आरंभ करावा. आणि तें नांव आपल्या घरांतील एखाद्या वडील स्त्रीचें निघालें, तर आम्हांस नवल वाटणार नाहीं.

पुढील अंकीं अमोनियाचा युरिया करणाऱ्या यकृताचा परिचय करून देऊं.